चवथीचे बूट

६ सप्टेंबर, शुक्रवार

म्हापशाला गेलो. शुक्रवारचा बाजार आणि उद्या चवथ — पाय ठेवायला जागा नव्हती. गणपतीच्या वर टांगायच्या माटोळीला बांधायचं सामान: सुपारीचा घोस, चिबूड, दोन तोरंजनं, आंबाडे, कांगलां, केळीचा घड. रत्नाने सांगितलं होतं, नारळाची पेंड बघून घे. बघून घेतली, तरी एक नारळ किडका निघाला. घरी आल्यावर ऐकून घ्यावं लागलं.

बाजारात पाच फोन आले. दर चवथीला हेच. कुणाचा हात, कुणाचा पाय, आणि सगळ्यांना प्लास्टर गणपती बसायच्या आधी काढून हवं. प्रत्येकाच्या इस्पितळाच्या कार्डावर माझा नंबर मीच लिहून देतो, तेव्हा तक्रार कुणाकडे करू? पाचवा फोन बस सुटताना. कुणी म्हातारी, पेडण्याकडची बोली. नाव-गाव सांगायला लागली, नात काय, नातीचं काय. पूर्ण ऐकायला वेळ कुठे! खांद्यावर पेंड, काखेत चिबूड. म्हटलं, चवथीला काढायचं ना? काढा, सण करा, मागाहून दाखवायला या. चिबूड पडता पडता वाचला.

१९ सप्टेंबर, गुरुवार

प्लास्टर रूममध्ये इंजिनीअर टेप घेऊन आला. नमस्कार नाही, काही नाही, सरळ माझ्या टेबलाखालून टेप सरकवली. म्हणाला, "ही भिंत जाणार." म्हटलं, जाईल तेव्हा जाईल, आधी ते चिखलाचे बूट बाहेर ठेव, आत्ता फरशी पुसली आहे.

आमच्या भिंतीला लागून नवी इमारत उठते आहे, तिच्यात हाडांच्या विभागाला अख्खा मजला मिळणार आहे. गुडघे-खुबे बदलायला एक ऑपरेशन थिएटर, मणक्याला दुसरं. शिकायला येणाऱ्या डॉक्टरांच्या जागाही वाढणार. वाढू देत. मी या इस्पितळात लागलो त्याला एकोणतीस वर्षं झाली. तेव्हा आठवड्यातून दोन दिवस थिएटर मिळायचं, तेही दुसऱ्या विभागाच्या मिनतवाऱ्या करून. मांडीचं हाड मोडलं की पायाला वजन टांगून माणूस दोन-दोन महिने पलंगावर. खुबा बदलायचा तर मुंबई गाठा. आता आमोण्याची म्हातारी सोमवारी गुडघा बदलून घेते आणि मंगळवारी वॉकर धरून स्वतः मोरीपर्यंत जाते. मी रोज बघतो, तरी खरं वाटत नाही.

पण या सगळ्यात माझी खोली कुठे? विचारलं तर "बघू" म्हणतात. मोडलेल्या हाडाला हल्ली पट्टी आणि स्क्रू. माझ्या वाट्याला राहिले गुरुवारचे वाकडे पाय.

इंजिनीअरला तेही माहीत नव्हतं. बसवून सांगितलं. काही पोरं पाऊल आत वळलेलं घेऊनच जन्माला येतात. दर आठवड्याला ते हाताने थोडं सरळ करायचं आणि मांडीपर्यंत प्लास्टर घालायचं. पाच-सहा प्लास्टरांत पाऊल सरळ येतं. मग टाचेमागे डॉक्टर एक बारीक छेद देतात, आणि त्यानंतर दांडीला जोडलेले बूट. पहिले तीन महिने दिवस-रात्र, फक्त आंघोळीला काढायचे. पुढे चार वर्षं झोपेत. बूट सुटले की पाऊल परत फिरतं. डॉ. पल्लवी मॅडमनी दोन वर्षांपूर्वी हे सुरू केलं, आज एकोणीस पोरं येतात. इंजिनीअर म्हणाला, "चार वर्षं बूट? कोण घालणार?" म्हटलं, घालतात. आपल्या पोराचा पाय आहे.

भिंत जाणारच म्हणाला.

२६ सप्टेंबर, गुरुवार

सिद्धी आली. पाच महिन्यांची, पेडण्याची. मे-जूनमध्ये तिला सहा प्लास्टरं मी माझ्या हातांनी घातली. जुलैअखेर बूट लागले. तेव्हा पाऊल असं सुरेख आलं होतं की मॅडमनी शिकाऊ डॉक्टरांना बोलावून दाखवलं.

आज दुपटं बाजूला केलं — डावं पाऊल आत. टाच वर.

विचारलं, बूट कुठे? आई गौरवी दुपट्याची घडी घालत बसली. बाप साईश मुरगावला बंदरात पाळीवर, तो नव्हता. सोबत आजी-आजोबा. आजोबा धाकू पाडेली आहे, पासष्टी उलटली तरी माडांवर चढून लोकांचे नारळ पाडून देतो. कपाळाला गंध, गळ्यात माळ, पाय अनवाणी. तोच म्हणाला, "चवथीक काढिल्ले, बाब. अकरा दिवस. मागीर घालूंक गेलीं तर पांय रिगना जालो."

पाय शिरणार कसा? अकरा दिवसांत फिरला. माझं डोकंच सरकलं. गणपतीच्या खोलीत चामड्याचे बूट नकोत म्हणून पोरीचा पाय घालवला! नाही नाही ते बोललो. बाहेरच्या बाकांवरचे लोक दारात येऊन उभे राहिले. म्हटलं, तुमच्या गणपतीने येऊन सांगितलं का, बूट काढा म्हणून? आजी शेवंती एकदम म्हणाली, "पूण आमी तर—" धाकूने तिचं मनगट धरून तिला गप्प केलं. "ओगी राव गे. चूक आमची." आणि माझ्यासमोर हात जोडले.

हात जोडल्यावर माणसाने गप्प बसावं. मी आणखी थोडं बोललो.

मॅडम कधी आवाज चढवत नाहीत. पाऊल दोन्ही हातांत घेऊन बघितलं, म्हणाल्या, "आज एक प्लास्टर घालू, पुढच्या दोन गुरुवारी दोन. सतरा तारखेला बघू. नाही आलं तर टेबलावर घ्यावं लागेल." टेबलावर म्हणजे पाऊल उघडून ऑपरेशन. मॅडमचा हात चांगला आहे, पाऊल सरळ करतील. पण उघडलेलं पाऊल मोठेपणी ताठ होतं. उकिडवं बसायचं, शेतात उतरायचं, धावायचं — सगळ्यात कुरकुर.

प्लास्टर घातलं.

२७ सप्टेंबर, शुक्रवार

रत्ना म्हणते, म्हाताऱ्या माणसावर चार लोकांत ओरडायला नको होतं. म्हटलं, तू तो पाय बघितला नाहीस.

३ ऑक्टोबर, गुरुवार

दुसरं प्लास्टर. पोर आईच्या अंगावर पीत असलं की पाय सैल सोडतं, तेवढ्या वेळात काम उरकायचं. गौरवी ही गोष्ट शिकून गेली आहे, मी "हं" म्हटलं की पदराखाली घेते. पाऊल किंचित बाहेर आलं. किंचितच. टाच अजून हट्टी.

धाकूने पाच सोललेले नारळ आणले. घेतले नाहीत. त्याने टेबलाखाली ठेवले आणि बाहेर जाऊन उभा राहिला.

जाताना त्याला बोलावून समजावलं. आज ओरडलो नाही, नीट सांगितलं. हे बूट म्हणजे चपला नव्हेत. पोरीने अजून जमिनीला पाय लावलेला नाही, तर तिच्या बुटाला माती कुठून लागणार? मातीच लागली नाही तर विटाळ कसला? देवासमोर न्यायला काय हरकत? माझं मलाच कौतुक वाटलं, बोलणं इतकं चांगलं जमलं होतं. धाकू सगळं ऐकून घेत होता. शेवटी म्हणाला, "तूं सांगता तशें, बाब. आमी तुजें आयकतांव."

ऐकतात म्हणे! ऐकलं असतं तर इथे आले असते का?

१० ऑक्टोबर, गुरुवार

तिसरं प्लास्टर. शेवटचं. आता सतरा तारखेपर्यंत माझ्या हातात काही नाही.

मॅडम वर्षाचे आकडे जमवत आहेत. नव्या मजल्यावर मुलांच्या हाडांचा वेगळा विभाग मिळावा म्हणून जानेवारीत समितीपुढे मांडायचे आहेत. किती पाय आले, किती सरळ झाले, किती परत फिरले आणि का. रजिस्टर माझ्याकडे. म्हणाल्या, "सखारामबाब, कारणाचा रकाना रिकामा ठेवू नका. समितीला कारण लागतं."

सिद्धीच्या नावापुढे लिहिलं: घरच्यांनी चवथीला बूट काढले. तारीख घातली, सही केली.

तिचं ऑपरेशन झालं तर शिकाऊ डॉक्टरांना बघायला मिळेल म्हणून दोघे-तिघे आजपासूनच विचारायला लागलेत. त्यांचं तरी काय चुकलं, शिकायलाच आलेत. पण मी त्यांना म्हटलं, बाहेर जाऊन चहा प्या.

१२ ऑक्टोबर, शनिवार

दसरा. ड्यूटी होतीच. प्लास्टर कापायच्या कटरला आणि कात्र्यांना झेंडूची फुलं वाहिली. नारळ धाकूच्या पाचांतला. इंजिनीअरला प्रसाद दिला, त्याने खाल्ला. भिंतीबद्दल काही बोलला नाही.

१७ ऑक्टोबर, गुरुवार

सकाळची पहिली बस पकडली. रत्नाने पावाच्या उंड्यासोबत भाजी बांधून दिली होती, ती संध्याकाळी तशीच परत आणली. कारण भूकच लागली नाही.

दहा वाजता कटर चालवला. प्लास्टर उघडलं, कापूस काढला, पाय कोमट पाण्याने धुतला. मॅडमनी पाऊल हातात घेतलं. वर केलं, बाहेर फिरवलं, टाच दाबून बघितली. पुन्हा तेच. मी त्यांच्या तोंडाकडे बघत होतो, गौरवी माझ्या तोंडाकडे. मॅडम म्हणाल्या, "आलं."

फक्त तेवढंच. आलं! टाच खाली, पाऊल बाहेर. टेबलावर घ्यायची गरज नाही. शेवंती भिंतीला टेकून रडायला लागली. मी कापूस गोळा करायला खाली वाकलो, आणि बराच वेळ गोळा करत राहिलो.

मग बूट मागितले, लगेच चढवायचे म्हणून. गौरवीने पिशवीतून काढले. त्यांवर हळद-कुंकू! वाळलेली झेंडूची पाकळी दांडीत अडकलेली. गौरवीने मोबाईलवर फोटो दाखवला. दसऱ्याला धाकूने पाटावर आपली नारळ पाडायची कोयती ठेवली होती, साईशचा पाना, गौरवीची कात्री, आणि मधोमध सिद्धीचे बूट. सगळ्यांवर फुलं.

धाकूला विचारलं, हे काय? म्हणाला, "बूट न्हय ते. हत्यार. चेडवाचें." पोरीचं हत्यार. हत्यार देवाच्या खोलीत जातंच, दसऱ्याला त्याची पूजाच होते.

मी दोन आठवड्यांपूर्वी एवढं भाषण केलं, माती काय, विटाळ काय. आणि या माणसाने कुणाशी न बोलता विषयच संपवून टाकला. मॅडमनी तो फोटो आपल्या फोनवर मागून घेतला.

संध्याकाळी घरी आल्यावर रत्नाला सांगितलं. ती म्हणाली, "शहाणा माणूस. तू उगाच ओरडलास." आज उलट बोललो नाही.

१६ जानेवारी, गुरुवार

समिती झाली. मॅडमनी सगळं मांडलं. एक साहेब म्हणाले, खेड्यातले लोक देवधर्मापायी बूट काढणार, तुमचे पाय परत फिरणार, त्यापेक्षा सुरुवातीलाच ऑपरेशन का नाही? मॅडमनी धाकूचा फोटो पडद्यावर लावला — कोयती, पाना, बूट, झेंडू. म्हणाल्या, "एकदा चुकले. त्यानंतर एक दिवस चुकलेले नाहीत." मी मागे उभा होतो.

विभाग मंजूर. मुलांच्या हाडांचा वेगळा विभाग! नवी शस्त्रक्रिया तिथे होईलच, पण प्लास्टर रूमही त्यातच. इंजिनीअर म्हणाला होता ते खरं, भिंत जाणार. पण खोली मोठी करायला. एकाऐवजी तीन टेबलं.

आणि मला दोन वर्षांत पेन्शन. त्याआधी तीन टेबलांवर उभे राहतील असे तिघे शिकवून तयार करायला हवेत.

८ मे, गुरुवार

सिद्धी टेबलाला धरून उभी राहिली. दोन्ही तळवे सपाट जमिनीवर. आता बूट झोपेत फक्त. सोडलं तर दोन पावलं टाकून बसली आणि माझ्याकडेच बघून रागावली. धाकूचे नारळ आता घेतो.

२० ऑगस्ट, बुधवार

पुढच्या बुधवारी चवथ. यंदा कुणाचा फोन यायची वाट बघायची नाही, असं ठरवलं होतं. गुरुवारच्या पोरांची संख्या आता एक्केचाळीस आहे. तीन दिवस दुपारी जेवण झालं की रजिस्टर घेऊन बसलो आणि एक्केचाळीस घरांना स्वतः फोन लावला. चवथ आली, बूट काढायचे नाहीत. देवासमोर चालतात. हत्यार आहे ते, बूट नव्हे. धाकूचा शब्द सगळ्यांना पटतो, एकाने सुद्धा वाद घातला नाही. साखळी गावच्या एका आजीने आशीर्वाद दिले. मॅडम म्हणाल्या, हे नव्या विभागाच्या नियमांत लिहून घेऊ, दर सणाआधी घरोघर फोन.

रजिस्टरमध्ये फोनची नोंद करून सही करताना बरं वाटलं. चूक त्या घराची झाली, पण त्यातून एक्केचाळीस घरांचं भलं झालं.

२९ ऑगस्ट, शुक्रवार

धाकूने बोलावलं होतं. म्हापशाहून पेडण्याची बस धरली. छोटं घर, शेणाने सारवलेलं, पण दारापुढचा बसायचा बलकांव नवा बांधलाय, लाल फरशीचा. चपला पायरीवर काढल्या. आत गणपती, वर माटोळी भरगच्च. आणि माटोळीखाली चटईवर सिद्धी दुपारची झोपलेली. बूट घालून. दांडी चटईवर आडवी, तोंड उघडं. येणारे-जाणारे तिला ओलांडत नव्हते, वळसा घालून जात होते.

मी नमस्कार केला. गणपतीला की त्या बुटांना, देव जाणे.

शेवंतीने नेवऱ्या, पातोळ्या वाढल्या. बोलता बोलता हसून म्हणाली, "अवंदूं आमी तुका फोन करूंक ना बाब. तूंच पयलीं केलो." यंदा आम्ही तुला फोन केला नाही, तूच आधी केलास. धाकू लगेच म्हणाला, "गे, नेवऱ्यो हाड आनी." ती तोंडावर हात ठेवून आत गेली. मग धाकू माडांबद्दल बोलत राहिला, माकडं, पाऊस, काय काय. मी निघेपर्यंत बोलायचा थांबला नाही.

बसमध्ये तिचं बोलणं डोक्यातून जाईना. यंदा केला नाही. म्हणजे गेल्या चवथीला केला होता? कुणाला?

३० ऑगस्ट, शनिवार

गेल्या वर्षीची वही काढली. ६ सप्टेंबर. पेंड, चिबूड, पाच फोन. पाचवा फोन, पेडण्याची म्हातारी, "नात काय, नातीचं काय". काढा, सण करा. अक्षर माझंच.

त्यांनी विचारलं होतं. मी प्लास्टरच समजलो, बुटांचं ऐकलंच नाही. आणि मग चार लोकांत त्यांच्यावरच ओरडलो, आणि तो माणूस माझ्यासमोर हात जोडून उभा राहिला.

सोमवारी रजिस्टरमध्ये कारण बदलायचं: घरच्यांनी फोन करून विचारलं, सखारामने पुरतं न ऐकता काढायला सांगितलं. खाली सही. मॅडमना दाखवायचं. मग पेडण्याची बस. त्यांच्याकडे गणपती अजून सहा तारखेपर्यंत आहे.